मराठी मथळ्याची लिंक तुटते, लांबते किंवा उघडतच नाही: वर्डप्रेसच्या स्लग प्लगइनची तपासणी

मथळा मराठीत लिहिला, पोस्ट प्रसिद्ध केली, ब्राउझरच्या पट्टीत लिंक छान मराठीत दिसली. तीच लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्याची चिन्हे, अक्षरे आणि आकडे यांची तीन ओळींची माळ होते. नाशिकमधली छोटी बातम्यांची संकेतस्थळे, द्राक्ष बागायतदारांच्या कंपन्या, येवल्याचे पैठणीवाले, त्र्यंबकेश्वरला येणाऱ्या भाविकांसाठी माहिती देणारी पाने, सगळ्यांची तक्रार हीच असते. मग कोणीतरी स्लग, म्हणजे लिंकमधला मथळ्यावरून बनणारा तुकडा, दुरुस्त करण्यासाठी कुठून तरी दहा ओळींचे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) उचलून बसवते आणि एका बिघाडाचे तीन होतात.

खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून अवघड कामाकडे जातो. तो मोडू नका. यातल्या बऱ्याच तक्रारी कोडला हात न लावताच सुटतात. फंक्शन आणि फिल्टर (वर्डप्रेसच्या कामाच्या मधे आपला कोड चालवण्याची जागा) यांची नावे इथे देवनागरीत लिहिली आहेत, फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजी लिपीत टाइप करायची.

लक्षणे

आपले लक्षण नेमके कोणते, ते आधी ओळखा. दिसायला सारखी वाटली तरी कारणे वेगळी आहेत.

- लिंक शब्दाच्या मधेच कापली जाते. कारण: लांबीची मर्यादा.
- वेगळ्या मथळ्यांच्या लिंका सारख्या होऊन शेवटी -२, -३ लागते. कारण: बहुतेक वेळा तीच मर्यादा.
- मात्रा गळतात. ‘नाशिक’चे ‘नशक’ किंवा ‘न-श-क’ होते. कारण: प्लगइनमधले चुकीचे रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरे शोधण्याचा नमुना.
- लिंकमध्ये नुसता आकडा येतो. कारण: प्लगइनने सगळी देवनागरी अक्षरे खाऊन टाकली. स्लग रिकामा आला म्हणून वर्डप्रेसने पोस्टचा क्रमांक वापरला.
- प्लगइन चालू आहे, पण काहीच फरक नाही. कारण: फिल्टरचा प्राधान्यक्रम.
- प्लगइन चालू करताच जुन्या मराठी लिंका ‘४०४’ (पान सापडले नाही) दाखवतात. कारण: संदर्भ न तपासणे. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.
- मथळ्यातच अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे दिसतात. हे स्लगचे दुखणेच नाही. थेट शेवटच्या भागाकडे जा.

आधी स्लगची पेटी पाहा

वर्डप्रेस स्लग पक्का करते ते पोस्ट पहिल्यांदा प्रसिद्ध होताना. नंतर मथळा बदलला तरी स्लग तोच राहतो, आणि नवे प्लगइन जुन्या पोस्टना आपणहून हात लावत नाही. ‘प्लगइन चालत नाही’ असे वाटते तेव्हा अनेकदा जुनीच पोस्ट उघडून पाहिलेली असते. म्हणून नेहमी कोऱ्या पोस्टवर चाचणी घ्या. ती सेव्ह करा, पान पुन्हा लोड करा आणि मगच स्लग वाचा. टाइप करताना एडिटर दाखवतो ती सूचना असते. डेटाबेसमध्ये जाणारा स्लग सर्व्हर ठरवतो, आणि दोन्हींत फरक पडू शकतो.

इथेच सगळ्यात स्वस्त उपाय आहे: प्रसिद्ध करण्याआधी एडिटरमधल्या स्लगच्या पेटीत हाताने दोन ते चार शब्दांचा स्लग लिहा. आठवड्याला पाच-सहा पोस्ट टाकणाऱ्या संकेतस्थळाला प्लगइनची गरजच नाही. मराठी स्लग ठेवला तरी बिघडत नाही. वाचकाच्या भाषेतले शब्द पत्त्यात असणे गूगललाही चालते. शब्दांमध्ये अंडरस्कोर नको, जोडरेघ ठेवा.

पर्मालिंक एकदा सेव्ह करा

सेटिंग्ज, मग पर्मालिंक (लिंकांची रचना ठरवण्याचे पान). ‘पोस्ट नेम’ निवडलेले आहे ना ते पाहा आणि काहीही न बदलता ‘सेव्ह’ दाबा. त्याने पत्त्यांचे नियम नव्याने लिहिले जातात. होस्टिंग बदलल्यावर किंवा नवे प्लगइन बसवल्यावर येणारे ‘४०४’ कितीतरी वेळा एवढ्यानेच जाते. ‘प्लेन’ निवडलेले असेल तर लिंकमध्ये स्लग येतच नाही, मग पुढची तपासणी व्यर्थ.

मथळ्यातली न दिसणारी अक्षरे

मथळा कुठून आला? वर्तमानपत्राचा मजकूर छपाईसाठी जुळवलेल्या फाइलमधून थेट चिकटवला जातो. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड नसतो. तो आतून इंग्रजी अक्षरांचा असतो, फॉन्टमुळे मराठी दिसतो इतकेच. अशा मथळ्याचा स्लग कुठलेही प्लगइन नीट करू शकणार नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरला जातो, दुसऱ्यावर साधा ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि एक न दिसणारा जोडक. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक २००डी. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. तेच ‘ॲ’चे: एकसंध ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीपासून लोक ‘अ’वर चंद्र देत आले आहेत आणि अजूनही देतात. ‘ॲप’ आणि ‘अॅप’ असे दोन टॅग शेजारी शेजारी तयार होतात ते त्यामुळे.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. संशयित शब्दात कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबा. एखादी दाब वाया गेल्यासारखी वाटली, पडद्यावर काहीच हलले नाही, तर तिथे न दिसणारे अक्षर होते. तो शब्द नव्याने टाइप करा.

लांबीचे गणित

इथे घाई करू नका, कारण यातच निम्म्या तक्रारींचे मूळ आहे.

वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये स्लगच्या रकान्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे. इंग्रजीला ती ऐसपैस आहे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह मात्र यूटीएफ-८मध्ये (युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत) ३ बाइट घेते, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह अधिक दोन अक्षरे असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘नाशिक’ म्हणजे न, काना, श, वेलांटी, क: ५ चिन्हे, ४५ जागा. २०० भागिले ९ केले की जेमतेम २२ चिन्हे बसतात.

‘नाशिकमध्ये द्राक्षबागांवर डाऊनीचा प्रादुर्भाव’ हा मथळा घ्या. ‘नाशिकमध्ये’ची १० चिन्हे, ९० जागा. मधल्या जोडरेघेची १. उरल्या १०९, त्यात १२ चिन्हे बसतात. स्लग होतो ‘नाशिकमध्ये-द्राक्षबागां’, एकूण १९९, आणि तिथेच कापला जातो. आठवड्याने ‘नाशिकमध्ये द्राक्षबागांचे पंचनामे सुरू’ अशी बातमी आली की तिचाही स्लग तिथपर्यंत तोच. मग वर्डप्रेस ‘-२’ लावते आणि त्या दोन जागा मिळवण्यासाठी शेवटचे चिन्हही काढते, म्हणून दुसरी लिंक ‘द्राक्षबागा-२’ अशी अनुस्वार गेलेली दिसते. यात बिघाड कुठेच नाही. मथळा २२ चिन्हांच्या पुढे गेला, एवढेच.

‘-२’चे आणखी एक कारण लक्षात ठेवा. मीडियामध्ये चढवलेल्या चित्रालाही स्लग असतो. ‘संपर्क’ नावाचे चित्र आधी चढवले आणि मग त्याच नावाचे पान केले, तर पानाला ‘-२’ लागते. चित्राचा स्लग बदला आणि पानाचा दुरुस्त करा.

बाकीची प्लगइन आणि सर्व्हर

एसइओची (शोधात वर येण्यासाठीची) आणि भाषांतराची प्लगइनही स्लगमध्ये हात घालतात. एकेक बंद करून कोऱ्या पोस्टवर पाहा, शक्य असेल तर चालू संकेतस्थळाच्या प्रतीवर. दोन प्लगइन एकाच फिल्टरला लटकली असतील तर एक काढा. दोघांची सांगड घालत बसण्यात अर्थ नाही.

मग टूल्समधल्या ‘साइट हेल्थ’मध्ये माहितीच्या टॅबवर सर्व्हरचा भाग उघडा. पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिची) आवृत्ती टिपून ठेवा, आणि तिची ‘एमबीस्ट्रिंग’ व ‘इंटल’ ही एक्स्टेंशन चालू आहेत का ते होस्टिंगच्या पॅनेलमध्ये पाहा. पहिले नसेल तर मराठी अक्षर तीन बाइटच्या मधेच चिरले जाण्याची भीती असते. दुसरे फक्त तयार लिप्यंतर (मराठी अक्षरे इंग्रजी लिपीत बदलणे) वापरणाऱ्या प्लगइनला लागते. स्वस्त होस्टिंगवर ते अनेकदा बंद असते, पण पॅनेलमधल्या पीएचपीच्या पर्यायांत खूण केली की चालू होते.

आता प्लगइनचा कोड

इथून पुढे बॅकअपशिवाय जाऊ नका. फाइली आणि डेटाबेस, दोन्हींचा. पडदा पांढरा पडला तर एफटीपीने किंवा फाइल मॅनेजरमधून प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदला, संकेतस्थळ परत उभे राहते.

फाइल यूटीएफ-८मध्ये आणि बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) सेव्ह झालेली हवी. कोणत्या मराठी अक्षराला कोणते इंग्रजी अक्षर, तो तक्ता फाइलमध्येच देवनागरीत असल्याने चुकीच्या एन्कोडिंगमध्ये तो निकामी होतो. बीओएम राहिला तर ‘हेडर्स आधीच पाठवले’ ही चूक येते.

फिल्टर आहे ‘सॅनिटाइझ_टायटल’. वर्डप्रेसचे स्वतःचे काम त्यावर १० या प्राधान्याने होते. आपले ९ ठेवा, कमी आकडा आधी चालतो. १० ठेवले तर वर्डप्रेस आधी धावते, आपल्या हाती टक्क्यांची माळ येते आणि देवनागरी अक्षर सापडतच नाही. ‘फरक पडत नाही’ या लक्षणाचे कारण हेच. ‘ॲड_फिल्टर’चा चौथा घटक ३ द्या, म्हणजे मथळा, मूळ मथळा आणि संदर्भ असे तिन्ही आपल्यापर्यंत येतील. तो घटक विसरलात तर फक्त मथळा येतो, आणि फंक्शन तीन घटक मागत असेल तर पीएचपी ७.१पासून पुढे जीवघेणी चूक येऊन पान बंद पडते.

संदर्भ का महत्त्वाचा? कारण हा फिल्टर पोस्ट साठवताना चालतो तसाच वाचक लिंक उघडतो तेव्हाही चालतो. साठवताना संदर्भ ‘सेव्ह’ असतो, शोधताना ‘क्वेरी’. संदर्भ न तपासता प्रत्येक वेळी लिप्यंतर केले, तर वाचकाने उघडलेला जुना मराठी पत्ता इंग्रजी लिपीत बदलून डेटाबेसमध्ये शोधला जातो. तिथे मराठी स्लग असतो. सापडत नाही, ‘४०४’. म्हणून फंक्शनची पहिली ओळ हीच असावी: संदर्भ ‘सेव्ह’ नसेल तर मथळा जसाच्या तसा परत द्या.

कॅटेगरी आणि टॅगना मात्र एवढे पुरत नाही. त्यांचा शोध घेतानाही वर्डप्रेस ‘सेव्ह’ संदर्भातच साफसफाई करते. आलेला मजकूर टर्म्सच्या (कॅटेगरी आणि टॅगच्या) तक्त्यात स्लग म्हणून आधीच असेल, तर तो न बदलता सोडा. कॅटेगरी दहा-बाराच असतील तर त्यांचे स्लग त्याच दिवशी हाताने बदलणे जास्त सोपे.

मात्रा गळण्याचे कारण थोडक्यात: ‘अक्षरे आणि अंक सोडून सगळे काढा’ असे सांगणाऱ्या एक्स्प्रेशनमध्ये बहुतेक जण युनिकोडचा ‘एल’ गट आणि ‘एन’ गट घेतात. काना, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह हे ‘एल’मध्ये नसतात, ते ‘एम’ गटात असतात. ‘एम’ही लिहा, आणि शेवटी ‘यू’ हा झेंडा लावा. तो नसेल तर पीएचपी अक्षरांऐवजी बाइट मोजते.

लिप्यंतराचा तक्ता

‘इंटल’मधले तयार लिप्यंतर एका ओळीत काम करते, पण ते मराठी उच्चारासाठी बनलेले नाही. प्रत्येक व्यंजनातला ‘अ’ ते ठेवते आणि ‘श’चा ‘एस’ करते. ‘नाशिक’चे होते एन-ए-एस-आय-के-ए, वाचायला ‘नासिका’. गावाच्या नावाची कथा शूर्पणखेच्या नाकाशी जोडली जाते हे खरे, पण लिंक वाचणाऱ्याला शहर ओळखू आले पाहिजे. ‘सातपूर’चे ‘सातपुरा’ होते, ‘कृषी’ स्वराविना ‘के-आर-एस-आय’ होते, ‘ज्ञानेश्वर’ची सुरुवात ‘जे-एन’ने होते. म्हणून तक्ता स्वतः लिहावा. तासाभराचे काम आहे आणि पुढची कितीतरी वर्षे पुरते.

व्यंजनापुढे मात्रा असेल तर तिचा स्वर लिहा. पाय मोडलेला असेल तर काहीच नको. दोन्ही नसेल तर इंग्रजी ‘ए’. शब्दाच्या शेवटी हा ‘ए’ गाळा, दोन अपवाद ठेवून: शब्द एकाच व्यंजनाचा असेल, किंवा शेवट जोडाक्षराने होत असेल. त्यामुळे ‘नाशिक’चा शेवट ‘के’वर होतो आणि ‘मित्र’, ‘महाराष्ट्र’, ‘सिंहस्थ’ यांचा ‘ए’ टिकतो. ‘ज्ञ’साठी डी-एन-वाय, ‘क्ष’साठी के-एस-एच, ऋकाराला आर-यू. अनुस्वारानंतर प, फ, ब, भ, म आले तर ‘एम’, नाहीतर ‘एन’: ‘अंबड’ला ‘एम’, ‘चांदवड’ला ‘एन’. देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करा. न दिसणारा जोडक सगळ्यात आधी काढा.

बदलण्यासाठी पीएचपीचे ‘एसटीआरटीआर’ हे फंक्शन वापरा. त्याला तक्ता दिला की तो लांब तुकडा आधी जुळवतो, म्हणून ‘ज्ञ’ सापडायच्या आत ‘ज’ खाल्ला जात नाही. ‘एसटीआर_रिप्लेस’ तक्त्याच्या क्रमाने जाते आणि एक ओळ वरखाली झाली की फसते.

गावांची नावे नियमाने येत नाहीत, त्यांची वेगळी यादी लागते. येवला इंग्रजीत वाय-ई-ओ-एल-ए असे रूढ आहे, देवळाली डी-ई-ओने सुरू होते, लासलगावच्या शेवटी जी-ए-ओ-एन येते, त्र्यंबकेश्वर टी-आर-आयने सुरू होते. लोक हीच स्पेलिंग टाइप करतात. यादीत सामान्यरूपेही घाला: ‘येवला’ लिहून भागत नाही, बातमीत ‘येवल्यात’ असते. नाशिकचे तर ‘नाशकात’ होते.

आणि इथेच एक खड्डा आहे. ‘नाशका’ ही नोंद शब्दात कुठेही जुळू दिली, तर ‘कीटकनाशकांची फवारणी’ या मथळ्यात शहराचे नाव घुसते. द्राक्षपट्ट्यातल्या संकेतस्थळावर असे मथळे रोजचे. म्हणून गावाचे नाव फक्त शब्दाच्या सुरुवातीला जुळवा. त्यासाठी ‘बॅकस्लॅश-बी’ ही शब्दसीमा वापरू नका, मात्रेपाशी ती शब्द संपला असे समजू शकते. त्याऐवजी ‘आधी एल किंवा एम गटातले चिन्ह नको’ अशी मागे पाहणारी अट लिहा.

चाचणीसाठी हे सहा मथळे पुरे: नाशकात पाऊस, कीटकनाशकांची फवारणी, ज्ञानेश्वर पालखी, दुसऱ्या दिवशी (दोन्ही पद्धतींनी टाइप करून), सिंहस्थ २०२७, आणि फक्त ‘॥ श्री ॥’. शेवटच्या मथळ्यात दंड गळून ‘श्री’ उरले पाहिजे.

जुन्या लिंका

चांगल्या चाललेल्या जुन्या लिंका बदलू नका. ज्या तुटक आहेत त्याच बदला. एडिटरमधून प्रसिद्ध पोस्टचा स्लग बदलला की वर्डप्रेस जुना स्लग लक्षात ठेवते आणि वाचकाला ३०१ने (पत्ता कायमचा बदलल्याची खूण) नव्या पत्त्यावर नेते. पण ही सोय पोस्टपुरती आहे. पानांना आणि कॅटेगरींना ती नाही, तिथे रीडायरेक्ट स्वतः लावावे लागते. डेटाबेसमध्ये थेट क्वेरी चालवून स्लग बदलले तर जुना स्लग कुठेच नोंदला जात नाही आणि शेअर झालेल्या सगळ्या लिंका एका फटक्यात मरतात.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

मथळ्यांत प्रश्नचिन्हे दिसत असतील तर डेटाबेसच्या एन्कोडिंगचा प्रश्न आहे. प्रश्नचिन्ह म्हणून साठवले गेलेले अक्षर परत मिळत नाही, ते जुन्या बॅकअपमधूनच आणावे लागते. रूपांतराच्या क्वेरी आंधळेपणाने चालवल्या तर उरलेलेही जाते. त्या वेळी नव्या पोस्ट टाकणेही थांबवा.

पर्मालिंक सेव्ह केले, सगळी प्लगइन बंद केली, तरी फक्त मराठी लिंका ‘४०३’ (परवानगी नाही) किंवा ‘४०४’ देतात आणि इंग्रजी उघडतात? मग अडथळा सर्व्हरच्या सुरक्षा नियमात किंवा पत्ता बदलणाऱ्या नियमात आहे. तो होस्टिंगवाल्यांनीच काढायचा. त्यांना एक उघडणारी लिंक, एक न उघडणारी लिंक आणि नेमकी वेळ द्या, म्हणजे लॉगमध्ये शोधता येईल.

वूकॉमर्सचे दुकान चालू असेल तर स्वतः प्रयोग नकोत. रंग, आकार, साडीची लांबी यांसारख्या गुणधर्मांची नावेही याच फिल्टरमधून जातात. ती मधेच बदलली की उत्पादनांचे पर्याय त्यांच्यापासून सुटतात आणि ग्राहकाला पैठणीचा रंगच निवडता येत नाही. काही शे जुन्या लिंका एकदम बदलायच्या असतील तेव्हाही जाणकार घ्या, आणि काम सुरू होण्याआधी त्याच्याकडून दोन गोष्टी मागा: जुन्या-नव्या पत्त्यांची पूर्ण यादी, आणि प्रतीवर करून दाखवलेली चाचणी.